फोन उचलू नकोस, कुलसुम

गुरुवार, ९ जानेवारी

अमेरिकेतल्या न्यायाधीशांना थोडक्यात लिहायचं कुणी शिकवलंच नाही. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी कुणाची, यावर एका राज्याच्या अपील कोर्टाने आज बेचाळीस पानं खर्ची घातली. मी ती शंभर शब्दांत बसवली. फांदी ज्याच्या अंगणात येते त्याने ती कापावी, पण झाड मेलं तर भरपाई द्यावी. एवढंच म्हणायचं होतं तर पहिल्याच पानावर म्हणायचं ना!

मग एका फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाचा निकाल. तळघरात शिरलं ते पुराचं पाणी, असं विमा कंपनीचं म्हणणं, आणि ते पावसाचं, असं घरमालकाचं. वर्षानुवर्षं भांडून पाणी शेवटी विमा कंपनीच्या अंगावर पडलं. तिसरा एक कारकून. त्याने ऑफिसच्या ग्रुपवर साहेबाला गाढव म्हटलं म्हणून त्याची नोकरी गेली. कोर्ट म्हणतं, पगाराबद्दल तक्रार करताना गाढव म्हटलं असेल तर कायद्याचं संरक्षण आहे, सहज म्हटलं असेल तर नाही. असल्या लोकांच्या भांडणांवर माझं घर चालत नाही हे नशीब, ते माझ्या नवऱ्याच्या, रमणच्या, पगारावर चालतं.

काम मात्र हेच. तिथल्या वकिलांसाठी दर आठवड्याला एक निकालपत्रिका निघते. तिच्यासाठी मी इथे मस्कतच्या कुरुम भागात, चौथ्या मजल्यावर एसीखाली बसून राज्यांच्या आणि केंद्राच्या कोर्टांचे ताजे निकाल आटवून देते. साताऱ्याच्या कोर्टात वकिली केलेली बाई मी. नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला आले आणि काळा कोट कपाटात गेला. माझी संपादक विशाखा पुण्यात बसते. वयाने आमच्या लेकीएवढी, पूर्वाएवढी. आज तिचा मेसेज, "ताई, विशेषणं टाळा प्लीज." मी एका निकालाला बावळट म्हटलं होतं. दुसरा चपखल शब्द सुचव म्हटलं, तर नुसता हात जोडल्याचा इमोजी.

शुक्रवार, १७ जानेवारी

कुलसुम आली होती. मूळची दाभोळची. तिच्या नवऱ्याचं, रशीदभाईंचं, मत्रहच्या बाजारात अत्तराचं आणि लुबानाच्या धुपाचं दुकान आहे. आमची अठरा वर्षांची मैत्री. तिला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि मला मासे करता येत नाहीत, त्यामुळे आमचं छान जमतं.

तिचा एकुलता एक मुलगा रेहान दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत गाडीच्या अपघातात गेला. सून सना आणि सहा वर्षांची नात कुबरा तिथेच राहतात. कुठल्या राज्यात ते लिहीत नाही, अशिलाबद्दलची सवय. दर शुक्रवारी सना व्हिडिओ कॉल लावून देते आणि पोरगी कुलसुमला पडलेले दात दाखवते. गेले दोन शुक्रवार फोन आला नाही. त्यात कुणीतरी सांगितलं की सना दुसरं लग्न करतेय.

"मना वाटतं, ती पोरीला माझ्यापासून तोडनार," कुलसुम म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"तू केलास का फोन?"

"केला ना. सना बोलली, अम्मी, घर बदलतोय, सगला सामान बांधलाय, नंतर करते."

"नंतर म्हणजे कधी?"

"ते नाय बोलली."

मी हसले. हे 'नंतर' मी साताऱ्यात शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्याचा अर्थ कधीच 'नंतर' नसतो. घर बदलायला फोन कशाला बंद पडायला हवा? मी तिला सांगितलं की अमेरिकेत आजीला नातीच्या भेटीसाठी कोर्टात जाता येतं. तिने डोळे पुसले. "कोर्टात कशाला, जयाबाय? मना फक्त ती दिसायला पायजे." अशील नेहमी असंच बोलतं. त्याला काय हवंय ते वकिलालाच ठरवावं लागतं.

रविवार, १९ जानेवारी

आज तिला नियम समजावले. पहिला आणि शेवटचा नियम एकच, समोरच्या पक्षाशी बोलायचं नाही. साताऱ्याच्या माझ्या सीनियरनी मला हेच शिकवलं. अशिलाने तोंड उघडलं की केस मेली. जे बोलशील ते रेकॉर्डवर जाईल. सनाचा फोन आला तर उचलायचा नाही, मेसेजला उत्तर नाही, जे काही असेल ते वकिलामार्फत.

"सना समोरचा पक्ष कशी? ती माझी सून हय."

"आता पक्ष आहे."

"आन् कुबराने फोन केला तर?"

"फोन सनाचाच ना? मग नाही उचलायचा."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "तू शिकलेली हायेस, तुला जास्त कळतंय." हे एक वाक्य ऐकायला मस्कतमध्ये मला इतकी वर्षं थांबावं लागलं.

तिथला एक वकील गाठला, आमच्या पत्रिकेचा वर्गणीदार. ईमेलमध्ये पहिल्याच ओळीत विचारतो, "अर्जदाराला खरोखर भेट नाकारली आहे का?" नाकारली नसती तर आम्ही आलो कशाला असतो, असं उत्तर पाठवलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रमण दुक्महून आले. पंधरा दिवसांतून एकदा येतात. तिथल्या रिफायनरीच्या पाइपांत राहून राहून त्यांना वाटतं, प्रत्येक गोष्ट सरळ नळीतून जाते.

"एवढं कोर्टबिर्ट करण्यापेक्षा कुलसुमभाभींनी तिकीट काढून जाऊन यावं," म्हणाले.

मी म्हटलं, आणि दार उघडलं नाही तर?

"तर मग कोर्ट. राज्याचं कोर्ट नाही म्हणालं तर वरच्या, केंद्राच्या कोर्टात जा."

कपाळावर हात मारला. आपल्याकडे शिकलेल्या इंजिनियरांचं ज्ञान हे असं! त्यांना समजावलं की तिथे ती दोन वेगळी घरं आहेत, एकावर एक चढवलेले मजले नाहीत. नवराबायको, सासूसून, मुलांचा ताबा हे सगळं राज्याच्या घरात. केंद्राचं कोर्ट असली भांडणं दारातूनच परत पाठवतं.

"मग तूही दारातून परत पाठवायची होतीस," म्हणाले, आणि आमटीत भात कालवायला लागले. विनोद करतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजच्या निकालांत एक आजोबांचा होता. भेटीचा अर्ज फेटाळला, का, तर मुलांच्या आईने भेट कधी नाकारलीच नव्हती, आणि नकाराशिवाय हक्क मागता येत नाही. न्यायमूर्तीबाईंनी पुढे लिहिलंय की अर्ज करण्याआधी आजोबांनी एक फोन करून पाहायला हरकत नव्हती. घ्या! कोर्टं आता लोकांना फोन करायला शिकवणार. अकलेचे तारे तोडायला यांना पगार मिळतो. मी ते वाक्य सारांशातून गाळलं, कारण त्याला कायद्याचं मोल शून्य. संध्याकाळी बघते तर विशाखाने ते परत घातलेलं. "ताई, निकालाचा गाभाच तो आहे ना?" गाभा म्हणे.

शनिवार, १५ मार्च

रोजे चालू आहेत. कुलसुमने इफ्तारीला बोलावलं होतं. भजी, फळं, सरबत, आणि रशीदभाईंनी आग्रहाने वाढलेले कबाब. अजान झाली, कुलसुमने खजूर उचलला, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर कुबराचा फोटो, दोन दात नसलेला.

"उठाव ना," रशीदभाई म्हणाले.

कुलसुमने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. फोन वाजून थांबला. मग परत वाजला. कुलसुमच्या हातात खजूर तसाच. तिसऱ्यांदा वाजायला लागला तेव्हा रशीदभाई उठले आणि सरबतही न पिता नमाजाला गेले. फोन थांबला, कुलसुमने तो उशीखाली सरकवला आणि मला आणखी भजी वाढली.

मला तिचा अभिमान वाटला. एवढी शिस्त साताऱ्यात एकाही अशिलात पाहिली नव्हती. तसं बोलूनही दाखवलं. तिने मान खाली घातली, लाजली असावी.

सोमवार, ३१ मार्च

ईद. कुलसुमने शीरखुर्म्याचा डबा ड्रायव्हरच्या हाती पाठवला, दरवर्षी स्वतः घेऊन येते. केसचा ताण असतो, मी समजू शकते. पूर्वाचा मेसेज आला, "बाबांना सांग, रात्री फोन करते." मला सांगण्यासारखं काही नसावं. तिने मला न विचारता नोकरी बदलली तेव्हा मी तिला मुद्देसूद उत्तर पाठवलं होतं, तेव्हापासून ती बाबांनाच फोन करते. मुद्दे खोडता आले नाहीत की माणसं रागावतात.

गुरुवार, २२ मे

अर्ज दाखल झाला. सनाच्या वकिलाचं उत्तरही आलं, गुळमुळीत. सासूबाई स्वतःच फोन उचलत नाहीत, मुलगी रोज विचारते, वगैरे. आणि शेवटी एक ओळ, यापुढे सर्व संपर्क वकिलामार्फत. मी वकिलाला लिहिलं, हा घ्या नकार! चार महिने वाट बघत होतो तो हाच.

कुलसुमला फोन करून ही आनंदाची बातमी दिली.

"म्हंजी सना आता फोन करनार नाय?"

"नाही. आपल्या फायद्याचं आहे ते."

"आधी वाजायचा तरी, जयाबाय," ती म्हणाली.

कायद्याची लढाई समजावून सांगण्यापेक्षा कबाब तळणं सोपं असावं.

गुरुवार, ३ जुलै

सुनावणी झाली, व्हिडिओवर, माझ्याच टेबलाशी. कुलसुम ठेवणीतली ओढणी घेऊन आली होती, घामाने डबडबलेली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी कॅमेऱ्याबाहेर बसले. पडद्यावर चार चौकटी: न्यायाधीशबाई, दोन वकील, आणि सना. सना वाळली आहे. पाठीमागे भिंतीवर कुबराची चित्रं चिकटवलेली. दुभाषी उर्दूचा, कोकणीही कळणारा, आवाज शिंप्याच्या मशीनसारखा.

न्यायाधीशबाईंनी वकिलांना बाजूला ठेवलं आणि थेट कुलसुमलाच विचारलं, नातीला भेटायला तुम्हाला कुणी मना केलं?

कुलसुमने माझ्याकडे पाहिलं. मी खुणावलं, सांग, सना. आम्ही दोन आठवडे हेच घोकलं होतं. ती परत पडद्याकडे वळली आणि सनाकडे बघत राहिली.

"कोनी नाय," म्हणाली.

दुभाष्याने ते एका शब्दात उलथवलं आणि सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं.

"मग तुम्ही फोन का उचलत नव्हतात?"

"मना समजलं नाय. चुकलं माझं."

सनाने तोंडावर हात धरला. ती रडत होती की हसत होती कळलं नाही, लगेच तिची चौकट बंद झाली. माझं नाव कुलसुमने घेतलं नाही, निदान तेवढी अक्कल शिल्लक होती. चहाला थांब म्हटलं तर थांबली नाही. मला इतका संताप आला होता की मी दारापर्यंतही गेले नाही.

गुरुवार, २४ जुलै

अर्ज फेटाळला. आईने दार कधी बंद केलं नव्हतं, अर्जदाराने स्वतःच ते लावून घेतलं, असं म्हणे. दोघींनी एकमेकींशी बोलावं, अशी आशा कोर्टाला वाटते. कोर्टांना आशा कधीपासून वाटायला लागली?

कुलसुमला फोन केला.

"खलास, जयाबाय."

"अपील आहे अजून. मी मसुदा करते."

"खलास बोलले ना."

असे अशील डोकं खातात. आपण लढायचं त्यांच्यासाठी, आणि ऐन वेळी यांचे हात गळतात.

रविवार, १७ ऑगस्ट

अपिलाचा मसुदा तयार, आणि उत्तम झालाय. पत्रिकेतल्या किती निकालांचे दाखले त्यात चपखल बसलेत! कुलसुम फोन उचलत नाही. मुद्दे एक ते नऊ लिहून मेसेज पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. कुणीतरी उंटावरचा शहाणा तिचे कान भरतोय. रशीदभाई असतील, त्यांना मी पहिल्यापासून पसंत नव्हते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अपिलाची मुदत केव्हाच गेली. आज विशाखाने कुटुंब विभाग माझ्याकडून काढून घेतला. "ताई, तुमचे सारांश एकाच बाजूचे होतात." आता माझ्याकडे विमा, नोकरी आणि दिवाळखोरी. चांगलंच झालं. दिवाळखोर माणूस निदान आपलं दिवाळं निघालंय हे मान्य करतो. आज असाच एक होता, घर, गाडी, बोट सगळं गेलं आणि कोर्टाला म्हणतो, कुत्रा तेवढा राहू द्या. कोर्टाने राहू दिला. यावर नऊ पानं!

संध्याकाळी कुणाशी बोलावं म्हटलं तर कुलसुमशिवाय दुसरं नाव सुचलं नाही. हे बरोबर नाही. अठरा वर्षांत मी दुसरी मैत्रीण का केली नाही, कोण जाणे. इथल्या मराठी मंडळातल्या बायका आहेत, पण त्यांना साडीशिवाय विषय नसतो.

शुक्रवार, २६ डिसेंबर

मत्रहला गेले. घरातला लुबान संपला होता. कुरुममध्ये मिळतो, पण चांगला नसतो.

दुकानात गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर एक पोरगी बसली होती, लुबानाचे खडे लहानमोठे वेगळे करत. समोरचे दात आता आले आहेत, जरा मोठेच. आत सना चहा ओतत होती आणि कुलसुम तिच्या शेजारी उभी होती, पाठ माझ्याकडे. सना काहीतरी म्हणाली आणि कुलसुम हसली. ते हसणं वर्षभर मी ऐकलं नव्हतं. लग्नाची बातमी कुणाची होती कुणास ठाऊक, सना एकटीच आली होती.

पोरीने मला पाहिलं. "दादी, हू इज शी?"

कुलसुम वळली. मला वाटलं आता पुढे येईल, हात धरेल, अशीच यायची. ती जागेवरून हलली नाही.

"मॅडम लुबान घ्यायला आल्यात, बेटा," म्हणाली. "गिऱ्हाईक."

मॅडम! माझ्या बाळंतपणातल्या भानगडींपासून रमणच्या घोरण्यापर्यंत या बाईला सगळं ठाऊक, आणि मी गिऱ्हाईक!

कुबराला गिऱ्हाइकाशी बोलायची हौस दिसली. एक खडा नाकाशी धरून मला म्हणाली, "यू नो, दादीज फोन वॉज ब्रोकन. होल समर! आय कॉल्ड अँड कॉल्ड. बट नाऊ इट्स ओके. दादाजीने ठीक करवाया."

मी तोंड उघडलं. फोन बिघडला नव्हता, एवढंच सांगायचं होतं. चुकीची गोष्ट ऐकून गप्प बसायची मला सवय नाही. कुलसुम माझ्याकडे बघत होती, कोर्टात बघितलं होतं तशी, पण या वेळी विचारत नव्हती. सांगत होती.

"पाव किलो द्या," मी म्हटलं.

रशीदभाईंनी लुबान बांधून दिला. "शुक्रिया, मॅडम," म्हणाले. इतकी वर्षं भाभी म्हणत होते. बाहेर कठड्याशी बोटी बघत उभी राहिले. मला फार लागलं, हे इथे तरी लिहायला हवं.

शनिवार, २७ डिसेंबर

सकाळी कुलसुमचा आवाजी मेसेज आला, हळू आवाजात, स्वयंपाकघरातून असावा. मागे कुकरची शिटी.

"जयाबाय, राग नको धरू. सना विचारीत होती, अम्मी, फोन उचलू नको म्हनून तुमाला कोनी शिकवलं? मी बोलले, कोनी नाय, माझीच अक्कल फिरली होती. पोरीला सांगितलं फोन बिघडला होता. काल तू आलीस तवा माझा जीव उडाला, म्हनलं आता तू बोलशील. नाय बोललीस. शुकर हय. सना चार तारखेला जाते. त्यानंतर ये. मी बांगडे करते."

म्हणजे पूर्ण कबुली! आधी कोर्टात, आता घरात, आणि दोन्ही वेळा वकिलाला न विचारता. जे तिने केलंच नाही त्याची. असलं अशील मी साताऱ्यात दारात उभं केलं नसतं.

रमण काल रात्रीच आले आहेत. मेसेज त्यांनाही ऐकवला. त्यांनी तो आणखी एकदा लावून ऐकला.

"वाचवलं त्यांनी तुला," म्हणाले.

"मला? कुणापासून? सहा वर्षांच्या पोरीपासून?"

"हो," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातून फोन घेतला आणि मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला.